ऊसतोड, उचल आणि पंधराव्या वर्षी लग्न: सामाजिक समस्येचा अभ्यास करायचा तरी कसा?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. एसवायच्या मुलांना 'सामाजिक समस्या' असा पेपर आहे आणि सध्या त्यांची ट्युटोरियल्स तपासतेय. बालविवाहाची कारणं लिहा म्हटलं की निरक्षरता, दारिद्र्य, रूढी-परंपरा, अंधश्रद्धा, हुंडा. उपाय: प्रबोधन, शिक्षणाचा प्रसार, कायद्याची कडक अंमलबजावणी. पुढचा प्रश्न व्यसनाधीनता, कारणं बघावीत तर तीच, फक्त हुंड्याच्या जागी वाईट संगत. शेतकरी आत्महत्या, पुन्हा तीच, हुंड्याच्या जागी कर्ज. यातलं खोटं काहीच नाही हो, पण प्रश्नाचं नाव बदललं तरी उत्तर जसंच्या तसं चालत असेल तर त्या उत्तराचं करायचं काय, आणि मार्क द्यायचे तरी कशाला?

मुलांना दोष देत नाही, गाइडांत तेच असतं. पण समाजशास्त्राने बघायचं म्हणजे वेगळं काय करायचं हे त्यांना एका उदाहरणावरून दाखवायचं ठरवलंय, म्हणून इथे मांडतेय, भोकं पाडा.

उदाहरण आमच्या डोळ्यासमोरचंच. कॉलेजपासून जवळ साखर कारखाना, दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, परभणीकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, रस्त्याच्या कडेला त्यांच्या कोपी, म्हणजे झोपड्या, पडतात. माझी मुलं रोज बसमधून ते बघतात आणि त्यातल्या डोक्यावर मोळी घेतलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या बायकाही बघतात. हो, बायकाच, गळ्यात मंगळसूत्र असतं. वर्गात विचारलं या मुलींची लग्नं इतक्या लवकर का होतात, तर उत्तर 'मॅडम त्यांच्याकडं पद्धतच आहे तशी'.

सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये जो फरक मांडला तो इथे कामाला येतो, खाजगी अडचण आणि सार्वजनिक प्रश्न. लाखभर वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचा स्वभाव बघा, कसब बघा. पण पाच कोटी कामगारांपैकी दीड कोटी बेकार असतील तर एकेकाचा स्वभाव तपासून काही हाती लागत नाही, कामधंद्याची रचनाच बघावी लागते. त्याच्या आधी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुरखाइमने १८९७ मध्ये आत्महत्येबद्दल हेच केलं होतं, एकट्यादुकट्याच्या मनात काय होतं हे सोडून एका गटात दर जास्त आणि दुसऱ्यात कमी का, हे विचारलं.

तर लग्नाच्या वयाचं तसंच. एका बापाने पोरीचं लग्न पंधराव्या वर्षी लावलं तर बापाला विचारू. पण एनएफएचएस-५ म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं निघतं आणि राज्याची सरासरी २१.९, म्हणजे दुप्पट. बीडचे बाप राज्यातल्या बाकीच्या बापांपेक्षा दुपटीने वाईट आहेत असं काही असतं का?

माझं म्हणणं थोडक्यात असं. ऊसतोडीत कामाचं माप एक माणूस नाही, नवराबायकोची जोडी आहे, तिलाच कोयता म्हणतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि गाडीपर्यंत वाहते. मुकादम, म्हणजे मजूर गोळा करणारा ठेकेदार, उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) देतो ती जोडीला. एकट्या माणसाला अर्धा कोयता धरतात आणि त्याला मागणी कमी. म्हणजे लग्न ही इथे नुसती घरगुती बाब राहत नाही, रोजगाराची अट होऊन बसते. मग 'पद्धत' म्हणतो ती नेमकी कुणाची, घराची की धंद्याची?

मेन्सची_तयारी

मॅडम धागा जबरी आहे पण एक शंका, परीक्षेत दहा मार्काला पाच मुद्दे लागतात, कोयता वगैरे लिहिलं तर तपासणारा मार्क देईल का? सीरियसली विचारतोय.

सरळसोट

एवढं मिल्स आणि दुरखाइम करायची गरज नाहीये. २००६ चा कायदा आहे, १८ च्या आतलं लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड आहे. पाच-पंचवीस बाप आत टाका, पुढच्या सीझनला आकडा खाली येतो की नाही बघा. तुम्ही लोक प्रत्येक गोष्ट 'व्यवस्थे'वर ढकलता त्यात झालंय काय की कुणालाच जबाबदार धरता येत नाही. मुकादम काय हात धरून सप्तपदी घालायला लावतो का? लग्न बापच लावतो ना शेवटी.

बालाघाट

मी ऊसतोड कामगाराचा मुलगा. सध्या पुण्यात नोकरीला. माझ्या आईबापानं पंधरा-वीस वर्षं कोयता मारला म्हणून मी हे टाइप करतोय, तेव्हा थोडं मोठं लिहितो, चालवून घ्या.

सरळसोट दादा, मुकादम सप्तपदी घालायला लावत नाही हे खरं. पण रानजाई मॅडम, तुमच्या मांडणीत पण एक गाठ सुटत नाहीये. पोरीचं लग्न केलं तर कोयता कुणाचा वाढतो? सासरचा. पोरीच्या बापाचा नाही. उलट पोरगी घरी होती तोपर्यंत भाकरी थापणार, लहान्यांना सांभाळणार, शेळी बघणार, ते बापाच्या घरचं एक माणूस कमीच झालं ना. मग बाप का घाई करतो? उचलीसाठी नाही. मुलाकडच्यांना मात्र घाई असते ती उचलीसाठीच, कारण पोराचं लग्न झालं की मुकादम त्याला पूर्ण जोडीचे पैसे देतो आणि त्या पैशातून त्याच्याच लग्नाचं कर्ज फिटतं, किंवा फिटत नाही, पुढच्या सालावर जातं.

मुलीच्या बापाचं गणित वेगळं आहे. दसरा झाला की सहा महिने गाव सोडायचं. पोरगी बारा-तेरा वर्षांची झाली. तिला बरोबर न्यायचं तर कोपीला दार नसतं, पाचटाची नाहीतर ताडपत्रीची ती कोपी, आईबाप रात्री तीनला फडात, म्हणजे उसाच्या शेतात, जाणार, पोरगी एकटी तिथं, भोवती दहा गावची अनोळखी माणसं. ठेवायचं तर कुणाजवळ? आजी असली तर ठीक. आजी पण डोळ्यानं अधू, तिलाच कुणी बघायला पाहिजे. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत, पुढची शाळा पाच किलोमीटर, रस्ता माळावरून. तिकडं फडात माय रोज रात्री फोन लावून बसते, रेंज नसते. काही झालं तर? झालं नाही तरी कुणी काही बोललं तर? आमच्याकडं बोलण्याचीच भीती जास्त. त्यापेक्षा चांगलं स्थळ आलंय, द्या करून, निदान काळजी तरी त्यांची. माझ्या दोन मोठ्या बहिणींचं असंच झालं, दोघींचं एकाच मांडवात, कारण दोन मांडव परवडत नव्हते. धाकटी लग्नात चौदाची होती.

बापाला अक्कल नव्हती असं मी म्हणणार नाही. माझ्यासाठी त्यानं हॉस्टेल शोधलं, म्हणजे अक्कल होती. ती बहिणींसाठी का वापरली नाही हा प्रश्न मी त्याला विचारलेला आहे, आणि त्याचं उत्तर इथं लिहिण्यासारखं नाही.

सरळसोट

बालाघाट, तुमच्याबद्दल पूर्ण आदर. पण तुम्हीच शेवटी जे लिहिलंय तोच माझा मुद्दा आहे. पैसे तेवढेच, गाव तेच, उचल तीच, मुलाला हॉस्टेल आणि मुलीला मांडव. हे कारखान्याने ठरवलं का?

रानजाई

सरळसोट, इथे तुमचा मुद्दा बिनतोड आहे आणि बालाघाट यांनी तर माझी अर्धी मांडणी उलटी करून दाखवली. मी 'लग्न म्हणजे नवा कोयता' असं एकच सूत्र धरलं होतं. प्रत्यक्षात एकाच मांडवात दोन घरं दोन वेगळ्या कारणांनी उभी आहेत, एकाला हात हवेत आणि दुसऱ्याला जोखीम उतरवायचीय. आणि दोन्ही कारणांच्या खाली तिसरी गोष्ट आहे जी ऊसतोडीच्या कितीतरी आधीपासूनची, मुलगी म्हणजे परक्याचं धन आणि घराण्याची अब्रू. कारखाना ती तयार करत नाही, वापरतो.

फक्त एक सांगते, कारण शोधणं म्हणजे माफ करणं नव्हे. न्यायाधीशाला अमुक माणूस दोषी आहे का हे ठरवायचं असतं. मला विचारायचंय की आज अमुक बाप तुरुंगात टाकला तरी त्याच आळीत पुढच्या उन्हाळ्यात दुसरा बाप तेच का करेल. दोन्ही प्रश्न ठेवू या, एकाने दुसरा पुसायला नको.

आकडेमोड

धागा उशिरा दिसला. रानजाई, आकडा बरोबर दिलात पण अर्धाच दिलात, त्याने तुमच्याच मांडणीची पंचाईत होणारे. त्याच एनएफएचएस-५ मध्ये परभणी ४८ टक्के आहे, म्हणजे बीडच्याही वर. धुळे ४० च्या वर. आणि गंमत म्हणजे सोलापूर, तेही ४० च्या आसपास! सोलापूर म्हणजे साखर कारखान्यांचं आगर, तिथे टोळ्या येतात. आता सोलापूरचं तुम्ही कोयत्याने कसं समजावणार?

(कुणी म्हणेल सोलापूरच्या काही तालुक्यांतूनही मजूर जातात, जातात, मान्य, पण तेवढ्याने ४० होत नाही असा माझा अंदाज.)

जिल्ह्याची सरासरी घेऊन घराबद्दल बोललं की हे होतंच. बीडमध्ये लग्नं लवकर होतात आणि बीडमधून ऊसतोडीला जातात, या दोन गोष्टी एकाच जिल्ह्यात आहेत एवढंच आकडा सांगतो. लवकर लग्न झालेल्या त्या मुली ऊसतोडीच्या घरातल्याच आहेत हे तो सांगतच नाही. त्यासाठी एकाच गावातली, शक्यतो एकाच जातीतली, साधारण सारख्या जमिनीची घरं घ्यावी लागतील, काही स्थलांतर करणारी आणि काही न करणारी, आणि मग वयं ताडून बघायची. तरच ऊसतोडीचा वाटा किती आणि बाकीचा किती हे कळेल.

अजून एक, आणि हे कुणीच लक्षात घेत नाही. हा आकडा २० ते २४ वयाच्या बायकांना 'लग्न झालं तेव्हा तुझं वय किती' हे विचारून काढतात. म्हणजे २०२० च्या सुमारास चोवीस वर्षांची असलेली बाई अठराची झाली २०१४ ला. तो सगळा आकडा मागचा आहे. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद असताना चौदा-पंधराच्या मुलींची जी लग्नं झाली ती यात नाहीतच, त्या मुली तेव्हा विसाच्या झालेल्याच नव्हत्या. पेपरात २०२१ नंतर 'लॉकडाऊनमुळे वाढ, पाहणीचा निष्कर्ष' असं काही वाचलंत तर पाहणी कुठली ते आधी बघा.

आणि सरळसोट, तुम्ही गुन्ह्यांच्या आकड्यावर जाऊ नका. राज्यात वर्षाला बालविवाहाचे जितके गुन्हे नोंदले जातात ते या पाहणीतल्या प्रमाणाच्या पुढे काहीच नाहीत. ते पोलिसांचं काम मोजतात, लग्नं मोजत नाहीत. एखाद्या जिल्ह्यात गुन्हे वाढले तर लग्नं वाढली असतील किंवा अधिकारी चांगला आला असेल, नुसत्या आकड्यावरून दोन्हीतलं काय ते कळत नाही.

मेन्सची_तयारी

आकडेमोड सर, हे असं कुठं वाचायला मिळेल, आमच्या नोट्समध्ये सरळ '२१.९ टक्के' आणि बाण खाली एवढंच आहे.

जुनी_पोथी

थोडं मागे जाऊ का? 'त्यांच्याकडं पद्धत आहे' हे वाक्य वाचून राहवलं नाही.

हा प्रश्न 'समस्या' कधी झाला? लग्नं तर शेकडो वर्षं होतच होती. १८८४ साली समाजसुधारक बेहरामजी मलबारींनी बालविवाहावर आपली टिपणं काढली, जोतीराव फुल्यांनीही त्यांवर आपलं मत लिहून दिलं. त्याच वर्षी मुंबईत रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्याने नांदायला यावं म्हणून दावा लावला, लग्न अकराव्या वर्षी झालेलं. १८८७ मध्ये कोर्टाने नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं सांगितलं आणि त्या म्हणाल्या तुरुंगात जाईन. पुढे १८८८ ला तडजोड झाली, नंतर त्या डॉक्टर झाल्या. मग १८९१ चा संमतिवयाचा कायदा, मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीचं दहाचं वय बाराचं केलं, फक्त बाराचं! तेवढ्यावरून पुण्यात रान पेटलं होतं. टिळकांचा विरोध, परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून. १९२९ ला सारडा कायदा, मुलीच्या लग्नाचं किमान वय १४. आणि १९७८ पासून १८.

हे सगळं सांगायचं कारण, तेव्हा ज्या घरांतल्या मुलींची लग्नं आठव्या-नवव्या वर्षी होत होती ती पुण्या-मुंबईच्या शिकल्यासवरल्या, पांढरपेशा घरांतली मोठ्या प्रमाणावर होती. अंधश्रद्धा म्हणा, अशिक्षण म्हणा, त्यांना लागू करून बघा, शास्त्र तोंडपाठ असलेली माणसं होती ती. त्या घरांतलं वय पुढे वाढलं ते नुसत्या व्याख्यानांनी नाही. मुलींच्या शाळा निघाल्या, नोकरदार नवऱ्याला शिकलेली बायको हवीशी झाली, शहरात वेगळी बिऱ्हाडं झाली, हुंड्याची रक्कम जमायला वर्षं लागायला लागली. आता त्यांचीच पणतवंडं बीडला प्रबोधन करायला जातात. जाऊ देत, पण आपल्या पणजीचं वय कशाने वाढलं हे आधी घरी विचारून जावं.

सरळसोट

जुनी_पोथी, हा टोमणा माझ्या गल्लीतूनच गेला बहुतेक :) तरीपण १९२९ आणि १९७८ चे कायदे तुम्हीच मोजलेत. म्हणजे कायदा काहीतरी करतो.

जुनी_पोथी

करतो ना. मागे उभं राहायला जागा देतो. रखमाबाईंच्या मागे कायदा नव्हता. आज एखादी मुलगी १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावते तेव्हा तिच्यामागे आहे. फोन लावणारी मुलगी मात्र कायद्यातून पैदा होत नाही, ती शाळेत जाणारी असावी लागते.

दप्तर

मी ग्रामसेवक. नाव-गाव विचारू नका. आमच्या राज्यात गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. घरपट्टी वसूल कर, पाणीपुरवठा बघ, घरकुलाच्या याद्या कर आणि लग्न पण थांबव.

एकदा काय झालं ते सांगतो. फोन आला, उद्या सकाळी अमुक वस्तीवर लग्न आहे, मुलगी नववीत. शाळेतून जनरल रजिस्टरची नक्कल काढली, पंधरा वर्षं चार महिने. पोलीस पाटील, अंगणवाडी ताई आणि मी गेलो. मांडव पडलेला, आचारी आलेला, बुंदी तळून झालेली. बाप हात जोडून उभा, पन्नास माणसं भोवती. सगळ्यांसमोर हमीपत्र लिहून घेतलं की अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, खाली सह्या, अंगठे, फोटो काढून वर पाठवला. शाबासकी आली. चार दिवसांनी कळलं मुलाच्या मामाच्या गावी, दुसऱ्या तालुक्यात, रात्री देवळात लावून दिलं. बुंदी इथली तिकडे गेली एवढाच फरक. आमच्या खात्यात मात्र 'बालविवाह रोखला' अशी एक नोंद झाली, आकडेमोड साहेब, तुमच्यासाठी सांगतोय, ती नोंद आजही तशीच आहे.

आणि ज्यांच्यावर गुन्हा दाखल करायचा त्यांच्याच मधे मला उद्या ग्रामसभा घ्यायचीय. सरपंच त्या लग्नाला आहेर घेऊन आलेला. सरळसोट भाऊ, पाच-पंचवीस बाप आत टाका म्हणता, टाकायचे कुणी?

ओपीडी_नंतर

मराठवाड्यात सरकारी दवाखान्यात काही वर्षं काम केलंय, डॉक्टर आहे. दुसरं एक उदाहरण देते, कारण 'समस्या कोण ठरवतं आणि काय म्हणून ठरवतं' याचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरा माहीत नाही.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय पेपरांत आला. विधानपरिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, सरकारी पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींत एक. देशभरात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास असतं. भयंकरच होतं ते. पण बातमीचं नाव काय पडलं? खाजगी डॉक्टरांची लूट. लूट होती, नाकारत नाही, साध्या पांढऱ्या पाण्यासाठी कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन केलेल्या बायका मी पाहिल्यात. उपाय काय निघाला, खाजगी दवाखान्यांनी आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. तेही बरोबरच.

पण माझ्यासमोर बसलेली बाई, तिशीसुद्धा नव्हती, स्वतः म्हणत होती 'मॅडम काढूनच टाका एकदाची'. तिला कुणी फसवलं नव्हतं. तिचं लग्न पंधराव्या वर्षी, विसाव्या वर्षापर्यंत दोन-तीन बाळंतपणं, मग नसबंदी, मग फडावर चाळीस किलोची मोळी डोक्यावर, संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, पाळीचं कापड धुवायला पाणी नाही. आणि एक दिवस आडवं पडलं की खाडा, जोडीतलं एक माणूस बसलं तर दोघांचा दिवस बुडतो आणि वर पाचशे-हजार दंड उचलीवर चढतो. आजारपण तिला परवडतच नव्हतं. मग पिशवी हीच अडचण.

डॉक्टर सापडतो कारण त्याच्या दारावर पाटी असते. खाडा कुठल्या कागदावर असतो? कारखाना म्हणतो मजूर आमचे नाहीत, करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो मुकादमाशी. मुकादमाच्या वहीत नवऱ्याचं नाव असतं. बाईचं नाव कुठेच नाही, अर्धा ऊस तिने वाहिलेला असूनसुद्धा. म्हणून 'लूट करणारे डॉक्टर' ही समस्या झाली आणि 'मालक नसलेली मजुरी' ही समस्या झाली नाही.

बालाघाट

ओपीडी_नंतर ताई, अगदी खरं. माझ्या मायची पण काढलेली आहे. तिला विचारलं तर ती म्हणते 'बरं झालं, नंतर चार साल सुखानं तोडलं'.

आकडेमोड

प्रतिसाद वाचून थांबलो जरा.

एक धागा जोडतो. तोडलेल्या उसाचा साखर-उतारा तासागणिक घसरतो म्हणून कारखान्याला ताजा ऊस हवा असतो, गाडी रात्री दोनला आली तरी भरायला माणूस जागेवर हवा. पाळीत काम करणारा सुटा मजूर आणायचा तर तीन पाळ्या, राहण्याची सोय, ओव्हरटाइम हे सगळं आलं. नवराबायको फडातच झोपतात, कधीही उठवता येतात, स्वयंपाकपाणी त्यांचं ते करतात. जोडी हे माप म्हणून का टिकलं त्याचं उत्तर मला इथे दिसतं. आणि पोरीचं लग्नाचं वय त्या जोडीला चिकटून येतं. माझ्या परभणी-सोलापूरच्या हरकतीला हे उत्तर नाही, ती हरकत उभीच आहे, पण निदान बीडच्या घराघरात काय शोधायचं ते कळलं.

रानजाई

मला आता असं वाटतंय की मुलांना 'कारणं लिहा' असा प्रश्नच द्यायचा नाही. त्याऐवजी 'या लग्नात कुणाकुणाचं काय अडलंय' असं विचारायचं. मुलाचा बाप, मुलीचा बाप, मुकादम, कारखाना, ग्रामसेवक, शाळा, आणि ती मुलगी. प्रत्येकाच्या जागेवरून एकेक पान. मग परंपरा हा शब्द लिहायची वेळ आली तर कुणाची, आणि ती टिकल्याने कुणाचं भागतं हेही लिहावं लागेल.

उन्हाळ्यात चार-पाच मुलामुलींना घेऊन एखाद्या गावात जायचा विचार आहे. आकडेमोड म्हणतात तशी जोडीजोडीने घरं घेऊ. पण प्रश्नावली घेऊन गेलं की सगळे अठराच सांगणार, गुन्हा आहे म्हटल्यावर कोण खरं सांगेल?

ओपीडी_नंतर

वय विचारूच नका. पहिलं मूल कितवीत आहे विचारा, लग्नानंतर किती वर्षांनी झालं विचारा, ती स्वतः कितवीत असताना शाळा सुटली विचारा, वय आपोआप निघतं. बायकांशी बायकांनीच बोलायचं आणि सासू समोर नको. सासूला बोलतं ठेवायला एखादा मुलगा बरोबर न्या, म्हाताऱ्यांना मुलांशी बोलायला आवडतं.

आणि नावं, गाव, फोटो काही नको. पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, अठराच्या आतलं बाळंतपण आलं की आम्हाला पोलिसांना कळवावंच लागतं, आणि हे गावात माहीत झाल्यापासून काही मुली दवाखान्यातच येत नाहीत. तुमच्या पोरांच्या वहीतून एखादं नाव बाहेर गेलं तर त्या घराचं काय होईल ते आधी वर्गात नीट समजावा. प्रश्नावलीच्या आधी हे.

सरळसोट

म्हणजे कायदा कडक केला तर मुलगी दवाखान्यातून गायब होते. हे मला माहीत नव्हतं. तरी बापाला मोकळा सोडायला मी तयार नाही, पण मुकादमाच्या वहीत बाईचं नाव आलंच पाहिजे आणि पैसे तिच्या खात्यावर गेले पाहिजेत याला माझा पाठिंबा लिहून घ्या. ऊसतोड कामगारांचं महामंडळ आहे ना ते, गोपीनाथ मुंडेंच्या नावाचं? त्यांच्याकडून ओळखपत्र दोघांच्या नावे वेगवेगळं दिलं तरी सुरुवात होईल.

बालाघाट

कार्ड मिळालं काही जणांना. मायचं आलं, बापाचं आलं नाही, उलटं झालं :) पण कार्ड दाखवून फडावर पाणी मिळत नाही अजून. २०२४ ला तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवला तेव्हा गावात पेढे वाटले होते, उचल पण त्याच मापात वाढली, म्हणजे देणं पण वाढलं. हार्वेस्टर यायला लागलेत, मुकादम तेच सांगून भीती घालतात. यंत्र आलं तर जोडी लागणार नाही, मग लग्नाचं वय वाढेल का कमी होईल, तुम्ही शिकलेली माणसं सांगा, मला दोन्ही बाजूनं विचार करता येतो.

मॅडम, तुम्ही उन्हाळ्यात येणार म्हणताय ते बरोबर. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलला माणसं परत येतात, तेव्हाच लग्नं असतात, त्याच महिन्यात पुढच्या सालाच्या उचलीची बोलणी पण सुरू होतात, तिन्ही गोष्टी एका गावात एकदम बघायला मिळतील. पण एक फेरी डिसेंबरात पण मारा. तेव्हा गावात फक्त म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं असतात, मागं राहिलेल्या पोरी दिवसभर काय करतात ते उन्हाळ्यात आलात तर कळणार नाही. राहायची सोय मी बघतो, चुलत्याचं घर रिकामंच असतं तेव्हा.

मेन्सची_तयारी

मॅडम डिसेंबरला माझी मेन्स नसेल तर मी येऊ का, कॉलेजचा नसलो तरी चालेल का? प्रश्न विचारायचं काम नको, मी त्या सासवांशी बोलत बसेन.

रानजाई

या की. पण आधी दप्तर साहेबांशी व्यक्तिगत निरोपातून बोलून घेते, गावात कुणाला कल्पना द्यायची आणि कुणाला नाही ते ठरवावं लागेल. आकडेमोड, तुम्ही घरं निवडायची पद्धत लिहून द्याल का, जमीन आणि जात दोन्ही बघून? सोलापूरची तुमची हरकत मी विसरलेले नाही, दुसरं गाव तिकडचं घेऊ, जिथे टोळ्या येतात पण गावातलं कुणी जात नाही असं.